भाकरी नेमकी कशामुळे चिरली?

भाकरीला चिरा गेल्या की सोलापुरात कारणं तयारच असतात: पीठ जुनं होऊन त्याची विरी (चिकटपणा) गेली, पाणी गार होतं, नाहीतर थापणारीचा हात अजून बसलेला नाही. तिन्ही खरी असू शकतात. पण या भाकरीचं खरं कारण कोणतं? गृहशास्त्राच्या तासाला हाच प्रश्न फळ्यावर यायला हवा. येतं काय, तर साहित्य आणि कृती. तीच परीक्षेत उतरवायची.

आता एकाच डब्यातलं मालदांडी ज्वारीचं पीठ सारखं मोजून दोन परातींत घ्या. एकीत गार पाणी, दुसरीत उकळतं. मळणारा एकच, तवाही तोच. आणि थापण्याआधी प्रत्येकाने वहीत लिहायचं, काय होईल आणि का. हे आधी लिहिणं फार मोलाचं. नाहीतर भाकरी उतरल्यावर सगळेच म्हणतात, ‘मला माहीतच होतं!’

ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं, त्यामुळे पीठ धरून ठेवायला दुसरं काहीतरी लागतं. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास ज्वारीतल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, चिकट होतात. उकळत्या पाण्याची करामत ती हीच. मग वर्गातलं एखादं चिकित्सक पोर विचारतं, जुन्या पिठालाही हे पाणी चालेल का? झाला पुढचा प्रयोग तयार. मात्र पीठ आणि पाणी दोन्ही एकदम बदललं, तर भाकरी कशीही होवो, कळत काहीच नाही. शिवाय मळणारा बदलून सगळं पुन्हा करायचं, म्हणजे गुण पाण्याचा की हाताचा हेही दिसतं. (मुलग्यांनाही मळायला बसवा, तास त्यांचाही आहे.)

शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये बौद्धिक उद्दिष्टांच्या सहा पायऱ्या मांडल्या. माहिती आठवणं सर्वांत खालची. विश्लेषण आणि मूल्यमापन बरंच वर. कृती पाठ करणारा विद्यार्थी तळाशीच राहतो. परातीपुढे वाद घालणारा वर चढतो, तेही प्रयोगशाळेशिवाय.

भाकरीवरच थांबायचं कारण नाही. नवा टॉवेल पाणी जास्त टिपतो की चार वेळा धुतलेला? कोरडा आणि ओला, दोन्ही वेळा काट्यावर ठेवला की झालं. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेली कडक भाकरी मऊ पडते, तेव्हा तिचं वजन वाढेल की घटेल? उत्तर आधी वहीत, काटा नंतर.