गाडी बसते की गाडी उठत नाही?

एअर सस्पेन्शनची, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेली, दहा-पंधरा वर्षांची मर्सिडीज एस-क्लास किंवा ऑडी क्यू सेव्हन गणपतीला माणसं-सामान भरून कोकणात गावी येते, रात्रभर खळ्यात उभी राहते आणि सकाळी तिचा एक कोपरा टायरवर टेकलेला असतो. जमलेल्यांपैकी कुणीतरी लगेच निकाल देतो, "फुग्यात हवा भरणारा कंप्रेसर गेला." मग मुंबईहून नाहीतर कोल्हापूरहून कंप्रेसर मागवतात, तो बसवला की गाडी वर येते आणि मालक निर्धास्त होतो. काही महिन्यांनी तो नवा कंप्रेसरही जळतो आणि दोष पार्टच्या माथी मारला जातो. पार्टचा काही दोष नसतो. निदानच चुकलेलं असतं.

कंप्रेसर काय असतो हे पंक्चरवाल्याकडे सगळ्यांनी पाहिलं आहे. गाडीतला त्याहून लहान असतो आणि १२ व्होल्टवर चालतो, एवढाच फरक. फुगा म्हणजे लोखंडी स्प्रिंगच्या जागी बसवलेली रबराची जाड पिशवी. काही गाड्यांत ती शॉकअपसकट एकच नग म्हणून येते. तिला 'एअरबॅग' म्हणू नका. एअरबॅग स्टिअरिंगमध्ये असते, आणि फोनवरून पार्ट मागवताना या एका शब्दाने भलताच घोळ होतो.

आता खरा मुद्दा. कंप्रेसर हवा भरतो, धरून ठेवत नाही. भरलेली हवा फुगा, नळी आणि व्हॉल्व्ह ब्लॉक (कोणत्या फुग्याला हवा सोडायची ते उघडझाप करून ठरवणारा ठोकळा) धरून ठेवतात. उभ्या गाडीत कंप्रेसर झोपलेलाच असतो. मग रात्रभरात गाडी खाली आली तर त्याचा संबंध कसा असेल? गाडी 'बसते' म्हणजे हवा कुठूनतरी गळते. गाडी 'उठत नाही' म्हणजे हवा भरली जात नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं बरेच दिवस अंगावर काढलं की त्यातून दुसरं निघतं, म्हणून लोकांना दोन्ही एकच वाटतात.

फरक ओळखायला स्कॅनरच्या आधी मोजपट्टी घ्या. संध्याकाळी गाडी सपाट जागी लावा. चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. दहा-बारा तासांनी पुन्हा मोजा, पण दार उघडण्याआधी आणि रिमोटचं बटण दाबण्याआधी. दार उघडलं की बऱ्याच गाड्या जाग्या होऊन स्वतःला सावरतात आणि माप खोटं पडतं. रात्रीच्या गारव्याने चार-पाच मिलिमीटर कमी झाले तर सोडून द्या. एकाच कोपऱ्यात १५-२० गेले असतील तर त्या चाकाचा फुगा किंवा त्याची नळी गळते. एकाच बाजूची, म्हणजे पुढची किंवा मागची, दोन्ही चाकं सारखी उतरली असतील तर व्हॉल्व्ह ब्लॉककडेही बघा. लँड रोव्हरच्या काही गाड्या मात्र उभ्या असतानाही अधूनमधून जाग्या होतात आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्याशी बाकीचे तीन जुळवून घेतात. तिथे चारही चाकं उतरलेली दिसतात, गळती मात्र एकच असू शकते.

मापं घेतली की इंजिन सुरू करा आणि कान द्या. कंप्रेसर घरघरला आणि गाडी एक-दोन मिनिटांत वर आली तर तो सध्या ठीक आहे, त्याला हात लावू नका. घरघर ऐकू येते पण गाडी हलत नाही, तर एकतर गळती फार मोठी आहे किंवा कंप्रेसरमधल्या पिस्टनची रिंग झिजली आहे. नक्की कोणतं ते कंप्रेसरच्या तोंडाला प्रेशर गेज लावूनच कळतं. आवाजच नसेल तर आधी बॅटरी बघा, कारण व्होल्टेज कमी असलं की यंत्रणा कंप्रेसरला चालूच देत नाही. त्यानंतर फ्यूज आणि रिले, म्हणजे कंप्रेसरचा करंट चालू-बंद करणारा स्विच. गाडी उंच करायचं बटण दाबून कंप्रेसरच्या प्लगवर मीटर लावा. १२ व्होल्ट येतात आणि मोटर फिरत नाही, तरच कंप्रेसर मेला म्हणायचं. व्होल्ट येत नसतील तर प्लगच्या पिना बघा. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याने तांब्यावर हिरवी पुटं चढतात आणि करंट तिथेच अडतो. ते साफ करायला शंभर रुपयेही लागत नाहीत.

गळतीने कंप्रेसर का मरतो, हे मालवण-देवगडच्या दमट हवेत गाडी ठेवणाऱ्याने नीट समजून घ्यावं. पहिलं कारण सरळ आहे. गळलेली हवा भरायला तो पुन्हा पुन्हा चालतो, तापतो, रिंग झिजते. रिलेचे संपर्क चिकटले तर गाडी बंद असतानाही चालत राहतो आणि बॅटरीही उतरवतो. दुसरं कारण फार कमी जण सांगतात. कंप्रेसरला जोडून एक ड्रायर असतो, त्यात सिलिका जेलचे दाणे असतात. आत येणाऱ्या हवेचा ओलावा ते शोषतात. गाडी खाली करताना तीच कोरडी हवा त्याच दाण्यांमधून बाहेर पडते आणि ओलावा परत घेऊन जाते. असे ते दाणे पुन्हा पुन्हा सुकतात. फुगा फुटका असेल तर हवा फुग्यातूनच निघून जाते, ड्रायरकडे परतच येत नाही. रत्नागिरीत पावसाळ्यात ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या हवेत हे दाणे भरून गेले की पाणी व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये उतरतं आणि आतले व्हॉल्व्ह गंजून अडकतात. म्हणजे एक फुगा बदलायच्या आळसापायी तीन पार्ट जातात.

गळती शोधायला अर्धा लिटर पाण्यात चमचाभर भांड्याचा साबण घाला आणि फवारणीच्या बाटलीत भरा. आधी फुग्याच्या घडीतली लाल माती धुऊन काढा, कारण जांभ्याची बारीक खर तिथे बसून रबर घासत राहते. मग घडी, वरचा नळीचा नट आणि नळी यांवर फवारा. गाडी पूर्ण उंचीवर असताना एकदा आणि नेहमीच्या उंचीवर एकदा बघा, कारण घडीतली भेग ठरावीक उंचीलाच तोंड उघडते. पडवीत उभ्या गाडीची नळी उंदरांनी कुरतडलेली आहे का तेही बघा. आणि जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. स्टँड लावा, सस्पेन्शन जॅक मोडवर टाका, म्हणजे गाडी आपोआप वर-खाली होणार नाही.

पैशांचा हिशेब असा: रिले शेकड्यांत, नळी-नट हजाराच्या आसपास, कंप्रेसर दहा हजारांच्या पटीत आणि मूळ कंपनीचा पुढचा शॉकअपसकट फुगा लाखाच्या घरात. म्हणूनच लोकांना कंप्रेसरचं निदान आवडतं, ते स्वस्त वाटतं. आधी गळती बंद करा, मग कंप्रेसर, आणि कंप्रेसर बदलला तर रिलेही नवा घाला. जुना चिकटका रिले नव्या कंप्रेसरलाही जाळतो. एकाच बाजूचे, पुढचे किंवा मागचे, दोन्ही फुगे जोडीने बदलावेत, चारही एकदम बदलायचं कारण नाही. फुगे काढून लोखंडी स्प्रिंग टाकायचा सल्ला आम्हाला मान्य नाही. त्याने डॅशबोर्डवरचा इशारा बरेचदा तसाच राहतो आणि ज्या आरामासाठी ही गाडी घेतली तोच जातो.

बसलेली गाडी आंबा घाट चढवून कोल्हापूरला न्यायची असेल तर फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, घालून न्या. ओढून नेलीत तर टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासून फाटतात. नवा फुगा बसवल्यावर आधी त्यात हवा भरू द्या आणि मगच गाडीचं वजन त्यावर टेकवा. रिकाम्या फुग्यावर गाडी सोडली तर घडी वाकडी पडते आणि लाखाचा माल पहिल्याच दिवशी चिरतो.