एक अंशाची ज्या

७५ म्हणजे ४५ अधिक ३०. मग साइन ७५° म्हणजे साइन ४५° अधिक साइन ३०°, असं मुलं सर्रास लिहितात. बेरीज करून पाहिली, तर उत्तर १.२०७ येतं. साइन (आपली जुनी ‘ज्या’) म्हणजे कोनासमोरची बाजू भागिले कर्ण, म्हणजे इथे काटकोन त्रिकोणात समोरची बाजू कर्णापेक्षा मोठी! कोन बेरजेने वाढतो, पण साइन तशी वाढत नाही. तिचा हिशोब असा:

साइन (अ + ब) = साइन अ × कोसाइन ब + कोसाइन अ × साइन ब

यात ४५ आणि ३० घातले की (√६ + √२)/४ मिळतं. कॅल्क्युलेटर ०.९६५९२५८ दाखवतो आणि तेच ‘अचूक’ उत्तर आहे असं आपण समजतो. खरं तर अचूक ते वर्गमुळांचं. दशांश कुठेतरी तोडावाच लागतो. वजाबाकीचं सूत्र लावलं की १५° सुद्धा हाती येतो, (√६ − √२)/४.

पण ३०, ४५, ६० यांची कितीही बेरीज-वजाबाकी करा, १५ च्या पटीबाहेर जाता येत नाही. बाहेर पडायची वाट १८ अंशांतून जाते, आणि ती मला फार आवडते. १८ ची पाचपट ९०. म्हणजे दुप्पट (३६) आणि तिप्पट (५४) हे एकमेकांचे कोटिकोन, म्हणून साइन ३६° = कोसाइन ५४°. आता साइन १८° ला ज म्हणू, कोसाइन १८° ला क. बेरजेचं सूत्र १८ + १८ ला लावलं की डावी बाजू २जक होते. त्यात आणखी एकदा १८ मिळवले की उजवी बाजू ४क³ − ३क. दोन्हीकडे क ने भागा:

२ज = ४क² − ३

क² च्या जागी १ − ज² ठेवलं की उरतं ४ज² + २ज − १ = ०. नववी-दहावीतलं साधं वर्गसमीकरण! धन उत्तर एकच, ज = (√५ − १)/४. आता १८ मधून १५ वजा करा, ३° मिळतो. आणि ३ मिळाला की ६, ९, १२ करत ३ ची प्रत्येक पट, सगळी निव्वळ वर्गमुळांत.

मग १° का नाही? अर्धा कोन वर्गमुळाने मिळतो, पण ३ चा तिसरा भाग काढायचा तर साइन ३° = ३स − ४स³ हे घनसमीकरण सोडवावं लागतं (स म्हणजे साइन १°). त्याची तिन्ही उत्तरं वास्तव संख्या आहेत, तरी घनसमीकरणाचं ठरलेलं सूत्र वापरलं की घनमुळाच्या आत ऋण संख्येचं वर्गमूळ येऊन बसतं आणि काही केल्या हटत नाही. पट्टी-कंपासने कोणत्याही कोनाचे तीन समान भाग करणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे फ्रेंच गणिती वाँत्झेलने १८३७ मध्ये सिद्ध केलं. एक अंशाचं दुखणं त्याच घराण्यातलं.

ही अडचण जुनी आहे. दुसऱ्या शतकात ग्रीक खगोलज्ञ टॉलेमीने जीवांचं, म्हणजे एका अर्थी साइनचंच, कोष्टक केलं तेव्हा तो ७२ − ६० = १२ वरून निम्मं-निम्मं करत दीड आणि पाऊण अंशापर्यंत आला, आणि एक अंशासाठी त्या दोहोंमध्ये अंदाज बांधून मोकळा झाला. ‘सगळं वेदांतच होतं’ म्हणणाऱ्यांनी हे शतक जरा लक्षात ठेवावं. भास्कराचार्यांना असल्या उसन्या मोठेपणाची गरज नाही. ‘सिद्धांतशिरोमणी’ ११५० चा. त्यातल्या ‘ज्योत्पत्ति’त कोनांच्या बेरजेचं आणि वजाबाकीचं सूत्र समासभावना आणि अंतरभावना या नावांनी येतं. १८ अंशांची √५ वाली अचूक ज्याही तिथेच आहे. ३६ अंशांसाठी दोन-दोन वर्गमुळं कोण काढत बसणार, म्हणून कामापुरता आकडाही देऊन ठेवलाय: त्रिज्येला (त्यांची ज्या म्हणजे साइन गुणिले त्रिज्या) ५८७८ ने गुणा, १०००० ने भागा.

आणि एक अंश? तिथे भास्कराचार्य अचूकतेच्या नादी लागत नाहीत. ज्येतून तिचाच ६५६९ वा भाग वजा करा, कोटिज्येला (म्हणजे कोसाइनला) १० ने गुणून ५७३ ने भागा, दोन्हींची बेरीज म्हणजे एक अंश पुढची ज्या. नीट पाहिलं तर हे बेरजेचंच सूत्र आहे: १ − १/६५६९ म्हणजे जवळजवळ कोसाइन १°, आणि १०/५७३ म्हणजे जवळजवळ साइन १°.

त्रिज्या १ धरून ३०° वरून ३१° काढून पाहू. ०.५ मधून ०.००००७६ गेले, ०.४९९९२४ उरले. कोटिज्या ०.८६६०२५ गुणिले १०/५७३ म्हणजे ०.०१५११४. बेरीज ०.५१५०३८. कॅल्क्युलेटरवर साइन ३१° दाबा, सहा दशांश स्थळांपर्यंत हेच. शिवाय ३ ची प्रत्येक पट आपल्याकडे अचूक आहे आणि बाकीचा कुठलाही पूर्ण अंश तिच्या लगतचाच असतो, त्यामुळे चूक साठत जाण्याचीही भीती नाही. ३२° हवा असेल तर ३३° वरून एक पाऊल मागे यायचं, मधलं अधिक चिन्ह तेवढं उणे करायचं.