टाऊ नलिकांना बांधून ठेवतं?

अल्झायमरवरच्या बहुतेक लेखांत एक चित्र ठरलेलं: टाऊ हे प्रथिन चेतापेशीतल्या सूक्ष्मनलिकांना (पेशीचा सांगाडा असलेल्या बारीक नळ्यांना) घट्ट धरून ठेवतं, ते सुटलं की नलिका कोसळतात. चित्र सुबक आहे, पण पुराव्याला टिकत नाही.

1975 मध्ये टाऊची ओळख झाली ती परीक्षानळीत. तिथे ते ट्युब्युलिनच्या, म्हणजे नलिका ज्या प्रथिनाच्या बनतात त्याच्या, नलिका जुळवायला मदत करतं, हे खरंच. जिवंत पेशीत मात्र टाऊचा रेणू नलिकेवर जेमतेम 40 मिलिसेकंद टेकतो आणि पुढे उडी मारतो. याला धरून ठेवणं म्हणायचं? 1994 मध्ये टाऊ नसलेले उंदीर तयार केले गेले. ते जगले, फक्त बारीक अक्षतंतूंत (चेतापेशीच्या लांब धाग्यांत) नलिका विरळ दिसल्या. 2018 मधल्या प्रयोगांत चेतापेशींतलं टाऊ कमी केलं, तेव्हा घटला तो नलिकांचा सतत वाढणारा, अस्थिर भाग. उरलेल्या नलिका उलट जास्तच स्थिर झाल्या, कारण तिथे एमएपी6 नावाचं दुसरं प्रथिन शिरलं. स्थिरतेचं खरं काम त्याचं, पण त्या बिचाऱ्याचं नाव क्वचितच छापून येतं.

अल्झायमरमध्ये टाऊचे गुंते होतात, त्याबद्दल वाद नाही. पण नलिका घट्ट करणारं औषध दिलं की भागलं, हा हिशेब यातून निघत नाही.