रिकाम्या जमिनीचे वाडे, रिकाम्या भिंतींचे फ्लॅट : भरगच्च सजावटीची पार्श्वभूमी

पुण्यात बाणेर, बावधन, खराडीकडच्या नव्या फ्लॅटांमध्ये पांढऱ्या भिंती हळूहळू मागे पडत आहेत. गडद हिरवा नाहीतर शेंदरी रंग, छतालाही वॉलपेपर, काठापदराच्या साड्यांचे पडदे, भिंतभर तसबिरी, पितळी दिवे, आणि या सगळ्यात वाड्यातून आलेला एखादा कोरीव खांब. इंटिरियरवाले याला मॅक्सिमलिझम म्हणतात आणि ही लाट बाहेरून आली असं सांगतात. ते निम्मंच खरं आहे.

बाहेरची बाजू थोडक्यात अशी. एकोणिसाव्या शतकातले इंग्लंडमधले दिवाणखाने वस्तूंनी ठासून भरलेले असत. १९१० च्या सुमारास व्हिएन्नातल्या एका वास्तुरचनाकारानं नक्षीकामाला जवळजवळ गुन्हाच ठरवलं आणि पुढची पन्नास-साठ वर्षं सपाट, मोकळ्या खोलीचीच चलती राहिली. १९८१ साली मिलानमध्ये एका गटानं भडक रंगांचं, लॅमिनेटवर चित्रविचित्र नक्षी छापलेलं फर्निचर मांडलं आणि त्या शिस्तीला उघड आव्हान दिलं. त्याच काळात पुण्यातले सुतार तेच लॅमिनेट, म्हणजे आपला सनमायका, सागवानाची नक्कल म्हणून प्लायवूडवर चिकटवत होते.

पेशवाईतले वाडे भरगच्च होते असं हल्ली सरसकट म्हटलं जातं. विश्रामबागवाड्याचा १८०७ च्या सुमाराचा दर्शनी भाग पाहिला तर ते पटतंही: सुरूचे खांब, महिरपी, केळफुलं, लाकडात एक बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. पण आत दिवाणखान्याच्या जमिनीवर काय असे? जाजम, गादी, लोड, तक्के. बैठक उठली की खोली रिकामी. सामान ठेवायला भिंतीत कोनाडे आणि फडताळं, कपड्यांना खुंट्या आणि दांडी. सजावट होती ती बांधकामात, म्हणजे खांबात, तुळईत, कडीपाटात आणि नाना वाड्यात आजही दिसणाऱ्या भित्तिचित्रांत. ती घरमालकाला हलवता येत नसे, बदलताही येत नसे.

हलती सजावट आली ती इंग्रजी अमलात. खुर्च्या आल्या, टोल्यांचं घड्याळ आलं, हंड्याझुंबरं सरदारांच्या घरातून सावकार-वकिलांच्या घरात उतरली. १८७८ साली पुण्यातच निघालेल्या एका शिळाछापखान्यानं आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीत गेलेल्या दुसऱ्या एका छापखान्यानं देवादिकांची रंगीत चित्रं सामान्य माणसाच्या हाती दिली. ती आढ्याखाली ओळीनं, किंचित पुढे झुकवून टांगायची पद्धत होती. आजची ‘गॅलरी वॉल’ म्हणजे दुसरं काही नाही.

खरा खंड पडला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर, आणि त्याला आवडीनिवडीपेक्षा कायदा आणि पाणी जास्त जबाबदार आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीच्या आसपास गोठवली. महिन्याला काही रुपये देणारे भाडेकरू, दुरुस्तीला हजारोंचा खर्च. मालकानं कौलं परतणं सोडलं, भाडेकरूंनी खांबांना आपापल्या खोलीपुरता ऑईलपेंट फासला. मग १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधले मातीविटांचे वाडे बसले. लोक लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगरसारख्या वसाहतींमध्ये गेले. तिथे भिंत होती, सिमेंटचं छत होतं, कोनाडा नव्हता.

कोनाडा गेल्यावर शोकेस आली. सत्तर-ऐंशीच्या दशकांतली पुण्यातली बाहेरची खोली आठवा: काचेआड शंखशिंपले, राजस्थानी बाहुल्या, प्रवासातून आणलेला ताजमहाल, कधीच न वापरलेला कपबशांचा संच; टीव्हीवर क्रोशाचं झाकण; दारावर मण्यांचं तोरण. इतिहास सांगताना हा टप्पा सगळेच गाळतात, कारण तो कुणाला देखणा वाटत नाही. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बांधकामातली सजावट काढून घेतल्यावर साध्या पगारदार कुटुंबांनी ती वस्तूंमधून, स्वतःच्या हातांनी पुन्हा उभी केली. ऐपत नसतानाही घर भरलेलं असावं ही ओढ इथे स्पष्ट दिसते. १९९१ नंतर आणि विशेषतः हिंजवडीतल्या आयटीच्या नोकऱ्यांनंतर जो ‘सँपल फ्लॅट’ आला, त्यानं ही खोली मागासलेली ठरवली आणि बेज सोफा, पीओपीचं छत व व्हिट्रिफाईड फरशी सगळ्यांकडे सारखीच बसवली.

त्यानंतरचा वाद खांबांचा आहे, आणि तो अजून मिटलेला नाही. पेठांमधले वाडे पाडून इमारती बांधण्याचा वेग वाढला, तसं लाकूड हा स्वतंत्र माल झाला. बिल्डरशी करार करताना ‘जुनं लाकूड कुणाचं’ हे वेगळं ठरवावं लागतं. खांब, दारं, महिरपी जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यांकडे जातात, तिथून हॉटेलांत, फार्महाउसांत आणि फ्लॅटांत.

घेणाऱ्यांची बाजू अशी: वाडा पडणारच होता, निदान खांब तरी वाचला. यात तथ्य आहे. एरवी कोरीव तुळया वखारीत चिरल्या जातात आणि पोटमाळ्याची जळमटं लागलेली दारं जळणात जातात. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की या लाकडाला भाव आला, म्हणूनच वाडा पाडणं आणखी फायद्याचं झालं. कायदा यात फार मदत करत नाही. पुरावशेषांच्या १९७२ च्या कायद्यात इमारतीपासून सुटी केलेली शंभर वर्षांपूर्वीची वस्तूही पुरावशेषात मोडते. ती परदेशी नेण्यावर बंदी आहे आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. पण त्याचा मुख्य रोख निर्यातीवर. सदाशिव पेठेतला खांब बावधनला जाणं त्याला फारसं खुपत नाही. वारसा यादीत नाव असलेल्या वाड्यांना थोडं संरक्षण आहे, यादीबाहेरच्यांना तेही नाही.

दोन्ही बाजूंच्या बोलण्यात एक गोष्ट सुटते. खांब उचलताना त्याचा दगडी तळखडा बहुतेक वेळा राडारोड्यातच राहतो. फ्लॅटच्या साडेनऊ-दहा फुटी छताखाली खांब मावला नाही तर तो खालून कापतात. त्यावरचे हिरव्या, निळ्या, अबोली ऑईलपेंटचे थर काचकागदानं घासून काढतात आणि पॉलिश मारतात. म्हणजे तीन-चार भाडेकरू कुटुंबांनी केलेली रंगाची निवड, जी खरोखर धीट होती, तीच आधी पुसली जाते. ज्यानं दीडशे-दोनशे वर्षं मजल्याचा भार पेलला तो खांब आता सोफ्यामागे नुसता उभा असतो. हा बदल वाचवणं आहे की विस्थापन, यावर माझं मत विस्थापनाकडे झुकतं. निदान कुठल्या वाड्याचा, कुठल्या खणातला (दोन खांबांमधल्या गाळ्यातला) खांब, एवढी नोंद तरी विक्रीबरोबर दिली जावी. ती क्वचितच दिली जाते.

अलीकडे पुरवठाच आटतो आहे, कारण पाडायला उरलेले कोरीव वाडे थोडे. त्यामुळे नवे ‘वाडा स्टाईल’ खांब कोरून घेतले जातात; आत लोखंडी नळी आणि बाहेर लाकडी कवच असलेलेही मिळतात. दुसरीकडे कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम केलेल्या, म्हणजे हातोडीनं ठोकून घडवलेल्या तांब्याच्या भांड्यांबरोबर दिव्यांच्या घुमट्या आणि शोभेच्या थाळ्यांच्या ऑर्डरी येतात. हंडे-घंगाळांची मागणी स्टीलनं आणि प्लास्टिकनं केव्हाच कमी केली होती. भरगच्च घरांची ही नवी हौस तिथल्या काही भट्ट्यांना काम देते आहे, आणि हे काम तरी कुणाचं घर पाडून आलेलं नाही.