पाऊस पडून गेल्यावर धक्क्यावर कोणता लुअर लावायचा

पावसाची सर गेली की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला, कुठला कलर चालेल? आमचं म्हणणं, रंगाचं नंतर बघू, आधी लुअर, म्हणजे गळाचं नकली आमिष, पाण्यात हलतो कसा ते बघा. गोव्यातल्या मांडवी नदीला घाटाकडचं लाल पाणी आलं की हात कोपरापर्यंत बुडवला तरी बोटं दिसत नाहीत, मग माशाला तरी काय दिसणार! अशा वेळी चोणक मासा अंगाच्या बाजूला जी रेषा असते तिच्यावर चालतो, तिला पाण्यातली थरथर कळते.

व्हिडिओत दिसतो तो अमेरिकेतला लार्जमाउथ बास आपल्याकडे नाही, आपला धक्क्याचा मासा म्हणजे चोणक, वर कोकणात ज्याला जिताडा म्हणतात तो. पण गढूळ पाण्यात खांबाला चिकटून बसायची सवय दोघांची सारखीच.

म्हणून पावसानंतर पहिली पसंती रबरी शॅडला, म्हणजे छोट्या माशाच्या आकाराच्या मऊ लुअरला, चार इंची, शेपटी जाड आणि सपाट असलेला, म्हणजे हळू ओढला तरी शेपूट फडफडते. जिग हेड, म्हणजे डोक्याशी वजन असलेला गळ, १० ते १५ ग्रॅमचं घ्या. गोडं पाणी हलकं, ते वरून वाहतं आणि भरतीचं खारं पाणी खालून आत शिरतं, त्यामुळे बेती-पणजीच्या बाजूला भरती लागली की लुअर तळाजवळ फिरवायचा. दुसरा पर्याय आत छर्रे खुळखुळणारा क्रँकबेट, म्हणजे ओढला की डुलत बुडणारा कडक लुअर. रंग काळा किंवा गडद, नाहीतर भडक पोपटी. पारदर्शक सुंगटासारखे (कोळंबीसारखे) लुअर पाणी निवळेपर्यंत डब्यातच राहू देत.

खांबाच्या सावलीच्या बाजूला, अगदी हातभर अंतरावर टाका आणि एकाच जागी आठ-दहा वेळा टाका, गढूळ पाण्यात मासा लांबून धावत येत नाही. खांबाला कालवं असतात, ती ब्लेडसारखी, वर चोणकाच्या गालफडाची धारही तशीच, तेव्हा ४० पौंडाचा लीडर, म्हणजे दोरीच्या टोकाला लुअरआधी बांधायचा जाड तुकडा, हवाच आणि दर मासा लागल्यावर त्यावरून नख फिरवून बघा, खरखर लागली की तेवढा तुकडा कापून नवी गाठ मारा. आमचा एक मोठा चोणक याच आळसापायी अगदी पायाशी येऊन सुटला, ती गाठ आजही आठवते.

खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांच्या, मानशीजवळ (पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराजवळ) सुकतीला, म्हणजे ओहोटीला, मासा छान लागतो, पण तिथल्या मासेमारीचा लिलाव होतो, ज्याच्याकडे हक्क आहे त्याला विचारूनच गळ टाका. फेरीबोट लागत असेल तर रॉड खाली ठेवा. वीज चमकली की लगेच निघा, कार्बन रॉड हातात धरून उभं राहू नका.

आणि एक मनापासून. चोणक आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो आणि पावसाळ्यात नदीच्या मुखाशी अंडी घालतो. त्यामुळे या दिवसांत मोठा लागला तर फोटो काढा आणि सोडून द्या.

दुकानात पाण्याचा टब भरून ठेवलाय, घ्यायच्या आधी लुअर त्यात ओढून बघा.