ज्येष्ठ सहकाऱ्यांची निवृत्ती आणि आपल्या जमिनीचे काम

सन्माननीय ग्राहकहो,

आमच्या कार्यालयात जमीन व बागांच्या खरेदी-विक्रीचे काम पाहणारे आमचे ज्येष्ठ सहकारी या महिनाअखेरीस निवृत्त होत आहेत. आपले नाव छापू नये अशी त्यांची इच्छा असल्याने आम्ही ते छापलेले नाही. देवगड-मालवण पट्ट्यात ज्यांनी आमच्यामार्फत एखादी बाग किंवा घरठाण घेतले अथवा विकले आहे, त्यांना ते सांगण्याची आवश्यकताही नाही. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, त्या सुमारास ते या कामात आले, आणि तेव्हापासून त्यांनी घालून दिलेली पद्धत हीच आमची खरी पुंजी आहे.

या पद्धतीत सर्वांत मोठा मान हिस्सेदारांना आहे. आपल्याकडील जुन्या सातबारा उताऱ्यावर पुष्कळदा थोरल्या भावाचे एकट्याचे नाव असते आणि त्यापुढे 'ए. कु. मॅ.' असे लिहिलेले असते. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर एवढाच त्याचा अर्थ. जमीन त्या एकट्याची आहे असे ती अक्षरे सांगत नाहीत. हापूसच्या एका बागेच्या व्यवहारात खरेदीदार बयाणा घेऊन समोर बसलेला असताना त्यांनी जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, पुढे ओढले, बोट ठेवून वारसांची नावे एकेक वाचली आणि विकणाऱ्यास विचारले, "बहिणींना कळवलंत?" बहिणी मुंबईला होत्या. बयाणा त्या दिवशी परत गेला. दोघी गणपतीला गावी आल्या तेव्हा सर्वांच्या सह्यांनी व्यवहार पुरा झाला. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. आमचे सहकारी मात्र त्याआधीपासूनच बहिणींना विचारल्याखेरीज कागद पुढे नेत नसत, याचा आम्हांला मनापासून अभिमान वाटतो.

जमीन पावसात पाहावी, असा त्यांचा आग्रह असे. मे महिन्यात कोरडी, सपाट दिसणारी जागा जुलैत व्हाळाच्या पाण्याखाली जाते, आणि गाडी जाईल असे वाटणारी पाणंद गुडघाभर चिखलाची होते. म्हणून ते ग्राहकाला छत्री घेऊन गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने चालवीत आणि पाणी कोठून येते, कोठे जाते, हे दाखवीत. गडगा म्हणजे हद्द नव्हे, हेही ते तेथेच सांगत. चिऱ्यांची रास पिढ्यांमागे सोयीने रचलेली असते, हद्द भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीनेच ठरते.

समुद्रालगतच्या जागांविषयी ते विशेष सावध असत. किनारा नियमनाची पहिली अधिसूचना 1991 साली निघाली, नंतर 2011 व 2019 मध्ये ती बदलली. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतच्या पट्ट्यात बांधकाम करता येईल की नाही, हे तपासल्याशिवाय त्यांनी कोणाला पैसे गुंतवू दिले नाहीत. तसेच 1948 च्या कुळवहिवाट कायद्यानुसार शेतकरी नसलेल्यास परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, ही गोष्ट ते दलालीचा विषय निघण्यापूर्वीच सांगत. त्यामुळे कित्येक व्यवहार हातचे गेले. परंतु गेलेले ग्राहक पुढे आपल्या भावंडांना घेऊन परत आले.

त्यांनी हाताने लिहिलेल्या वह्या आता कार्यालयात आहेत. त्यांत प्रत्येक पाहिलेल्या जागेची विहीर, वहिवाटीची वाट, लगतदारांची नावे आणि कलमांची संख्या नोंदलेली आहे. आपण आमच्यामार्फत घेतलेल्या जागेची नोंद आपल्याला पाहता येईल. येताना खरेदीखताची प्रत व चालू सातबारा सोबत आणावा. ज्यांचे व्यवहार सध्या अर्धवट आहेत, त्यांना आम्ही स्वतः बोलावून कागद त्यांच्यासमोर समजावून देऊ, आणि त्या वेळी आमचे निवृत्त सहकारी शेजारी बसलेले असतील, असा शब्द त्यांनी आम्हांला दिला आहे.