दगडफुलावरून शहराची हवा कशी जोखतात

गोड्या मसाल्यातले दगडफूल डोंगराळ भागातल्या झाडांवरून आणि खडकांवरून गोळा करतात. मुंबई-ठाण्याच्या रस्त्यांवर ते सहसा दिसत नाही. तिथे सालीला घट्ट चिकटलेल्या राखाडी-पांढऱ्या खपल्या दिसतात. त्यांनाही दगडफूल, म्हणजेच शैवाक म्हणायचे. मसाल्यातल्या जातीच्या गैरहजेरीचे सगळे खापर धुरावर फोडायचे कारण नाही, उकाडाही जबाबदार आहे. शहरी दगडफुलांचा अभ्यास करताना पहिली कसोटी हीच: हवेतल्या विषाचा परिणाम कुठला आणि हवामानाचा कुठला, हे वेगळे काढता आले पाहिजे.

दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवल यांचे एकत्र बिऱ्हाड. त्याला मुळे नाहीत, पानांवर असते तसे मेणाचे आवरण नाही, उघडझाप करणारी रंध्रे नाहीत. पाऊस, धुके आणि धूळ यांतून जे येईल ते सगळ्या अंगाने शोषले जाते. पाने झाडून टाकून मोकळे होण्याची सोयही नाही, त्यामुळे धातू वर्षानुवर्षे साठत राहतात. सल्फर डायऑक्साइड ओल्या दगडफुलात विरघळला की आम्ल तयार होते आणि शैवलातले हरितद्रव्य मोडते. शैवल उपाशी पडले की बुरशीही मरते.

पॅरिसमधली दगडफुले नाहीशी होत चालल्याचे आणि लक्झेंबर्ग उद्यानात मात्र ती अजून टिकून असल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम नायलांडर यांनी 1866 मध्ये लिहिले. पुढे 1970 मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ या अभ्यासकांनी इंग्लंड-वेल्ससाठी 0 ते 10 अशी मोजपट्टी बनवली. झाडावर कोणत्या जाती आहेत ते पाहायचे आणि हिवाळ्यातल्या सल्फर डायऑक्साइडचा अंदाज बांधायचा. आम्लधर्मी सालीसाठी वेगळा तक्ता, पोषकद्रव्ये जास्त असलेल्या सालीसाठी वेगळा. वरच्या म्हणजे स्वच्छ हवेच्या टोकाला अस्नियासारख्या लोंबत्या जाती, खालच्या टोकाला काहीच नाही किंवा फक्त हिरवे शैवल. त्याच्या जरा वर लेकॅनोरा कोनिझिऑइडिस नावाची एक चिवट खपली. हिला आम्लधर्मी हवाच मानवत असे.

मग कोळशाचा धूर कमी झाला आणि पट्टी बिघडली. लंडनमध्ये परतणाऱ्या जाती पायरीपायरीने आल्या नाहीत, मधल्या पायऱ्या गाळून थेट वरच्या जाती उगवल्या. चिवट लेकॅनोरा उलट ओसरली आणि नायट्रोजन मानवणारी पिवळी झँथोरिया पसरली. तिथे आता मुख्य प्रश्न वाहने आणि शेती यांतून येणाऱ्या नायट्रोजनचा आहे. मोटारीतले उत्प्रेरक उपकरण धूर स्वच्छ करताना थोडा अमोनिया तयार करते, त्याचाही यात वाटा आहे. त्यामुळे ‘दगडफूल दिसले म्हणजे हवा चांगली’ हे ढोबळ वाक्य सोडून द्यावे. कोणती जात आहे, ते विचारावे.

युरोपात आता मोजणीची ठरलेली पद्धत आहे आणि ती कोणालाही शिकता येते. 10 सेंटिमीटर रुंद आणि 50 सेंटिमीटर उंच जाळी घ्यायची, तिचे 10 बाय 10 सेंटिमीटरचे पाच चौकोन. खालची कड जमिनीपासून 1 मीटरवर ठेवून ती खोडाच्या उत्तर, पूर्व, दक्षिण आणि पश्चिम अशा चारही बाजूंना लावायची. एखादी जात पाचपैकी तीन चौकोनांत असेल तर तिला 3 गुण. एका बाजूच्या सर्व जातींची बेरीज करायची. मग त्या ठिकाणच्या सगळ्या झाडांच्या उत्तर बाजूंची सरासरी, पूर्व बाजूंची सरासरी, अशा चार सरासऱ्या काढून त्यांची बेरीज म्हणजे त्या ठिकाणचा वैविध्य-अंक. दिशा वेगळ्या ठेवायच्या, कारण ऊन आणि ओल चारही बाजूंना सारखे नसतात.

चुका होतात त्या झाड निवडताना. एकीकडे आंबा आणि दुसरीकडे वड घेऊन केलेली तुलना व्यर्थ; सालीचा सामू (पीएच), खडबडीतपणा आणि पाणी धरण्याची ताकद जातीगणिक बदलते. निलगिरी आणि पेरू साल टाकतात, तिथे दगडफुलाला बसायला वेळच मिळत नाही. कललेल्या खोडाच्या एका बाजूने पावसाचे पाणी ओघळते, म्हणून सरळ खोड हवे. आपल्याकडची खास अडचण म्हणजे गेरू-चुन्याचे पट्टे. चुन्याने सालीचा सामू चढतो आणि असलेली दगडफुले झाकली जातात. पट्टा जाळीच्या उंचीपर्यंत आला असेल तर ते झाड सोडावे. पावसाळ्यात खोडावर चढणारे हिरवे शैवल आणि शेवाळही फसवते. बोटाला हिरवी भुकटी लागली तर ते बहुधा दगडफूल नव्हे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मोजणीला बरा. नमुना म्हणून भराभर खरवडू नये, बहुतेक जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात.

जिथे दगडफूल उरलेलेच नाही तिथे ते बाहेरून नेऊन टांगतात. स्वच्छ जागेतले नमुने नायलॉनच्या जाळीदार पिशवीत घालून साधारण तीन महिने ठेवायचे आणि धातूंचे प्रमाण आधीच्या प्रमाणाशी ताडायचे. नंतरचे भागिले आधीचे हे गुणोत्तर 0.75 ते 1.25 असेल तर फरक नाही असे धरतात, 1.75 च्या वर गेले तर साठा तीव्र. बांधकामाच्या धुळीने लोह उगाच फुगते. म्हणून मातीतून येणारे ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियम सोबत मोजावे, म्हणजे धुळीचा वाटा कळतो. हरितद्रव्याची तब्येत पाहायची तर 20 मिलिग्रॅम दगडफूल 5 मिलिलिटर डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात 65 अंश सेल्सिअसला 40 मिनिटे अंधारात ठेवतात आणि 435 व 415 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाच्या शोषणाचे गुणोत्तर काढतात. निरोगी नमुन्यात ते 1.4 च्या आसपास येते. दगडफुलातली स्वतःची आम्लेच अर्कात हरितद्रव्य मोडू शकतात, त्यामुळे ती आधी ॲसिटोनने धुऊन काढावी लागतात. ही पायरी चुकली तर निरोगी नमुनाही आजारी दिसतो.

हॉक्सवर्थ-रोझ पट्टी भारतात उचलून लावता येत नाही, जाती वेगळ्या आणि झाडेही वेगळी. इथे पिक्सिन कोकोईस ही चपटी राखाडी जात उपयोगी पडते. ती गजबजलेल्या रस्त्यांवरही तग धरते, म्हणून धातूंच्या मोजणीसाठी लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी तिचा बराच वापर केला आहे. ओळखायला नोटा तपासायचा 365 नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च पुरतो: अंधारात ती पिवळी चमकते, तशीच दिसणारी डिरिनेरिया चमकत नाही. सोबत 10 पट मोठे दाखवणारे भिंग ठेवावे.

सोसायटीच्या किंवा शाळेच्या पातळीवर करायचे तर एकाच जातीची झाडे घ्या, हमरस्त्यालगतची आणि आतल्या उद्यानातली, दोन्हीकडे सारख्याच संख्येने. तीनपेक्षा कमी झाडांवर विसंबू नका. जातींची नावे आली नाहीत तरी खपलीसारखी, पानासारखी, झुडपासारखी असे तीन गट करून चौकोन मोजता येतात. प्रत्येक झाडाचे स्थान, खोडाचा घेर आणि जाळीची दिशा लिहून ठेवा, कोरड्या दिवशी जाळीसकट फोटो काढा. भिजले की दगडफुलाचा रंग हिरवा होतो आणि दोन वर्षांचे फोटो ताडता येत नाहीत. पुढची मोजणी तीन-चार वर्षांनी, त्याच झाडांवर आणि त्याच महिन्यात करावी.